शकुनबाई ब्रंचला जातात

शकुनबाईंना कुणी जेवायला बोलावलं, की त्या 'बेत काय' असं विचारत नाहीत. 'वाढायले कोन आहे?' एवढंच विचारतात. उत्तर मनासारखं आलं तर जातात, नाहीतर गुडघ्याचं निमित्त सांगून घरी वरण-भात खातात.

वय एकसष्ट. माहेर नाकाडोंगरीचं, सासर वरठीपासून तीन किलोमीटर आतल्या गावात. नवरा यादोराव वरठीच्या कारखान्यात सायकलनं जायचे. ते जाऊन आठ वर्षं झाली. घरची दोन एकर धानाची बांधी वाट्यानं दिलेली आहे. पण गावात शकुनबाईंची ओळख बांधीवरून नाही आणि नवऱ्यावरूनही नाही. ती आहे हनुमान मंदिराच्या भट्टीवरून.

तेहतीस वर्षांपूर्वी हनुमान जयंतीच्या सकाळी महाप्रसादाचे आचारी भोजराज महाराज तापानं फणफणले. तांदूळ धुतलेला, लाकडं पेटलेली, आणि भट्टीवर माणूस नाही. अठ्ठावीस वर्षांच्या शकुनबाई वांगी चिरणाऱ्या बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला, मारुतीला हात जोडले आणि आधणात तांदूळ सोडला. बाईमाणूस भट्टीवर कसं, म्हणून चार जण कुजबुजले. दुपारी त्याच चौघांनी भात तीनदा मागितला. तेव्हापासून दर हनुमान जयंतीला भट्टी त्यांची. गावातली लग्नं, तेरव्या, भागवत सप्ताहही मागून आलेच, पण त्या कामाला त्या काम म्हणतात. महाप्रसादाला सेवा म्हणतात.

सेवेचे त्यांचे नियम होते. एक, नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. पंधराशे माणसांच्या वरणात मीठ पडायचं ते शकुनबाईंच्या मुठीच्या अंदाजानं, आणि मीठ दुसऱ्या कुणी टाकायचं नाही. दुसरं, शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः जेवायचं नाही. आणि तिसरं वाढप्यांसाठी. पंगतीत बसलेला माणूस पहिल्यांदा 'नको' म्हणतो ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतो ते शेजारचा काय म्हणेल म्हणून. तिसऱ्यांदाही नको म्हणाला आणि पत्रावळीवर हात आडवा धरला, तरच पुढं सरकायचं. एकाच 'नको'वर बादली घेऊन पुढं गेलेल्या वाढप्याच्या हातून त्यांनी भर पंगतीत पळी काढून घेतलेली आहे. तो पुढं सरपंच झाला, पण पंगतीत वाढायला पुन्हा उभा राहिला नाही.

मागच्या वर्षी मात्र विपरीत झालं. भाताचा मोठा गंज उतरवताना शकुनबाईंचं मनगट ऐन वेळी सुटलं. गंज कलला आणि अर्धा भात मातीत गेला. कुणाला भाजलं नाही ही मारुतीची कृपा. दुसरा भात टाकला, पंगत तासभर उशिरा बसली. कुणी काही बोललं नाही. शकुनबाईंना तेच लागलं. बोलले असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

न बोलता मनात ठेवणाऱ्यांत पहिले मारोतराव. जवाहरनगरच्या नोकरीतून निवृत्त होऊन आलेले, देवस्थान समितीचे अध्यक्ष. गावात कडक इस्त्रीची पँट घालून फिरणारे आणि देवळाच्या हिशेबालाही 'सिस्टीम' म्हणणारे. आपल्याला न विचारता गावात कुत्रंही भुंकू नये अशी त्यांची साधारण अपेक्षा. संक्रांत झाली आणि त्यांनी सुरुवात केली. वहिनींचं वय झालं, त्यांना किती त्रास द्यायचा, यंदा महाप्रसाद केटरिंगला देऊ. केटरिंगवाला कोण, तर त्यांचाच तुमसरचा भाचा, कमलेश.

हा कमलेश तीन वर्षं क्रोएशियात होता. तिथल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात आधी भांडी, मग भाजी चिरणं, मग स्वयंपाक असं करत तो शिकला. परत आला आणि हायवेवर, जवाहरनगरच्या अलीकडं, त्यानं रेस्टॉरंट टाकलं. बाहेर निळी पाटी, त्यावर 'बाल्कन फ्यूजन'. बाल्कन म्हणजे क्रोएशियाकडचा तो सगळा मुलूख. भंडारा जिल्ह्यातल्या कुणी बाल्कनचं जेवण मागितलं होतं, असं काही कानावर आलेलं नाही. पण न मागितलेल्या गोष्टीचीच हौस असणारे लोक निघतात. दर रविवारी तिथं गाड्या लागतात.

समितीतले बाकीचे म्हणाले, शकुनबाई हो म्हणत असतील तरच. त्यांच्या शब्दाबाहेर भट्टी हलवायची कुणाची छाती नव्हती. मग मारोतरावांनी डोकं लढवलं. वहिनींना तिथं जेवायलाच न्यायचं. पोट भरलं की माणूस हो म्हणतो.

शकुनबाईंना हे सगळं कळत होतं. वाढायला कोण आहे हे त्यांनी या वेळी विचारलंही नाही. भट्टी सोडायची असेल तर कुणाच्या हाती सोडतोय ते पाहून सोडावी, एवढं त्यांच्या मनात होतं. आणि मनगटाचं दुखणं काही कमी झालेलं नव्हतं, हेही होतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी अकरा वाजता मारोतरावांची गाडी दारात आली. मागं त्यांची सून डिंपल बसलेली. वाटेत डिंपलनं समजावलं की हा ब्रंच आहे, म्हणजे नाश्ताही नाही आणि जेवणही नाही, दोन्हीच्या मधलं. आणि हा बॉटमलेस आहे. दीड तास जे पाहिजे ते, जितक्यांदा पाहिजे तितक्यांदा. ग्लास रिकामा झाला की परत भरून.

"म्हंजे पंगत," शकुनबाई म्हणाल्या.

"नाई वो काकू, पंगत कशी अशीन. हे अनलिमिटेड आहे."

"मंग पंगत कायची असते?"

डिंपलनं फोन काढला आणि त्यात पाहू लागली. फ्यूजन म्हणजे काय, हे नंतर मारोतरावांनी सांगितलं. दोन देशांचं जेवण एका ताटात. एका घरात दोन सुना एकाच वेळी एकाच चुलीवर रांधायला लागल्या की काय होतं ते शकुनबाईंनी आयुष्यभर पाहिलेलं होतं.

आत गारवा होता आणि गाणं चालू होतं. खुर्च्या इतक्या उंच की शकुनबाईंचे पाय जमिनीला टेकेनात. जेवायला बसलेल्या माणसाचे पाय अधांतरी ठेवणं ही त्यांच्या लेखी पहिली चूक. दुसरी, ताट नाहीच. लाकडाची फळी. फळीवर मधोमध लाल चटणी अशी फासलेली, जशी भिंत सारवताना कुणी हाक मारली आणि बाई अर्ध्यातून उठून गेली.

काळा एप्रन बांधलेल्या वेटरनं प्रत्येक पदार्थाचं नाव सांगितलं. लाल चटणी म्हणजे अय्वार, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीची आणि वांग्याची. शकुनबाईंनी बोटानं चाखली. भरीत होतं. ज्याला फोडणी मिळाली नाही आणि म्हणून जे लाजून लाल झालं, असं भरीत. मग आलं बुरेक, तिकडची गुंडाळलेली कचोरी म्हणा, आत सावजी मसाल्याचं पनीर. मसाला चांगला होता. पण तो त्या कचोरीत असा बसला होता जसा मारोतराव भजनात बसतात, चुकून आल्यासारखा. ग्लासात आयरान आलं. मठ्ठ्यातून जिरं काढा, आलं काढा, कोथिंबीर काढा, मिरची काढा, आणि मग उरलेलं थंड करून परदेशी नाव द्या. ते आयरान.

इथपर्यंत शकुनबाईंना गंमत वाटत होती. चौथ्या पदार्थाला गंमत संपली. पानकोबीच्या आंबवलेल्या पानात भात भरून केलेल्या गुंडाळ्या. नाव सारमा. वेटर अभिमानानं म्हणाला, अंदर चिन्नोर राइस है. शकुनबाईंनी एक गुंडाळी उघडली, नाकाजवळ नेली. शिजत असताना चार घरांपलीकडं ज्याचा वास जातो तो चिन्नोर, आणि इथं नाकाखाली धरूनही आंबट पानकोबीशिवाय काही येईना. त्यांनी ती परत गुंडाळून, हात जोडून मग खाल्ली. अन्नाचा काही दोष नव्हता.

प्रत्येकाच्या फळीवर प्रत्येक गोष्ट दोन घास. सगळं मिळून लहान मुलाचा खाऊ झाला. ते संपलं आणि वेटर आला. वाकून म्हणाला, "मॅम, और कुछ?"

शकुनबाई म्हणाल्या, "नको."

आणि तो गेला.

शकुनबाई त्याच्या पाठीकडं पाहत राहिल्या. एक 'नको' म्हणजे नुसती रीत झाली. तो आता वळेल, म्हणेल 'घ्या ना जी, थोडं', मग त्या दुसऱ्यांदा नको म्हणतील, मग तो फळीवर ठेवूनच टाकेल, असा सगळा हिशेब. तो वळला नाही. त्यानं मारोतरावांना विचारलं. मारोतराव भाच्याच्या घरचे, पाहुण्यांआधी स्वतः मागून घेणार कसे. ते हसून म्हणाले, नको, बस झालं. डिंपलला विचारलं. सासऱ्यांसमोर सून कशाला हावरी दिसेल. तीही नको म्हणाली. वेटरनं मान डोलावली आणि तिन्ही फळ्या उचलून नेल्या.

दर दहा मिनिटांनी तो येत होता. दर वेळी नेमकं एकदा विचारत होता. दर वेळी तिघं एकदाच नको म्हणत होते आणि दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट पाहत होते. एकदा मारोतरावांनी 'नको' इतकं लांबवलं की ते 'हो'च्या पार जवळ गेलं होतं. पण वेटरला ते ऐकू येण्याइतकं शिक्षण नव्हतं. रिकाम्या ग्लासात मात्र आयरान न विचारता ओतलं जायचं. आणि ग्लासातलं टाकून द्यायचं नाही हे तिघांचंही वळण. शकुनबाईंनी त्या बेचव पाण्याचे सहा ग्लास संपवले.

शेजारच्या टेबलावर नागपूरकडचे चार-पाच तरुण होते. ते विचारण्याची वाटच पाहत नव्हते, मागत होते. मागवायचे, फोटो काढायचे, एक घास खायचे, फळी सरकवायचे. सारम्याच्या आठ-दहा गुंडाळ्या तशाच पडलेल्या. आंबट का होईना, चिन्नोर तो चिन्नोरच. वेटरनं ते सगळं एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ढकललं आणि आत नेलं. कुठं नेलं हे शकुनबाईंना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं. पलीकडं अन्न केराच्या डब्यात चाललं होतं आणि अलीकडं तीन धडधाकट माणसं उपाशी बसली होती. याला हे लोक बॉटमलेस, म्हणजे बिनतळाचं, म्हणत होते.

डिंपलनं पर्समधून बडीशेपेची पुडी काढली आणि गुपचूप अर्धी संपवली. मारोतराव हायवेवरच्या वाहतुकीबद्दल बोलत होते. भुकेला माणूस इतका वेळ वाहतुकीवर बोलतो हे शकुनबाईंना त्या दिवशी कळलं.

दीड तास झाला. वेटर येऊन म्हणाला, लास्ट ऑर्डर. शेवटचंच विचारतोय म्हणजे आता तरी दोनदा विचारील, असं तिघांनाही वाटलं. तिघंही नको म्हणाले. तो थँक्यू म्हणाला.

मग तसाच काळा एप्रन बांधलेला कमलेश हात पुसत आला. चौतिशीचा, दंडावर भाजल्याचे जुने डाग. डाग पाहून शकुनबाईंना जरा बरं वाटलं. इथं एवढा एक तरी चुलीपाशी राबलेला खरा माणूस होता. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कारण मामाच्या गावच्या त्या, म्हणून मामी. म्हणाला, सकाळपासून आत अडकलो, बाहेर येता आलं नाही. मग विचारलं, "मामी, पोटभर झालं ना?"

"एक नंबर," मारोतराव म्हणाले. "वहिनी, सांगा ना त्याले. मंग महाप्रसादाचं पक्कंच समजायचं ना?"

शकुनबाईंच्या लक्षात आलं की इथं हो म्हणणं सोपं आहे. हो म्हटलं की गंज उतरवायचा प्रश्न संपला, मनगटाचा संपला, आणि मागच्या वर्षी मातीत पडलेला तो भात लोक विसरतील. नाही म्हटलं तर भाच्याचा त्याच्याच दारात अपमान. पण जेवणाबद्दल खोटं त्या आजपर्यंत बोललेल्या नव्हत्या. तेरवीच्या घरीही नाही.

"मी उपाशी आहो गा," त्या म्हणाल्या.

कमलेशच्या हातातला पंचा थांबला. त्यानं मामाकडं पाहिलं. मामा छताकडं पाहत होते. डिंपलच्या ओठाला बडीशेप चिकटलेली होती. मग त्यानं वेटरला बोलावून विचारलं. वेटर म्हणाला, सर, मैंने हर बार पूछा, सबने मना किया.

कमलेशनं कपाळाला हात लावला. त्याला सगळं कळलं. तुमसरचाच होता तो शेवटी. हळू आवाजात सांगू लागला की तिकडं त्याच्या साहेबानं पहिल्याच महिन्यात झापलं होतं. एका पाहुणीला त्यानं तीनदा विचारलं, तर तिनं तक्रार केली. तिकडं नको म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे त्या माणसाचा शब्द न मानणं. तेच इथल्या पोरांना शिकवलं.

शकुनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यायच्या देशात त्यायचं बरोबरच अशीन. पण आपला मानूस सैपाकाले हो म्हनत नाई बापा, वाढनाऱ्याले हो म्हनते. तू पंधराशे मानसं बसवशीन अन् पंधराशेच्या पंधराशे उपाशी उठवशीन. तेबी आभार मानून."

मारोतराव म्हणाले की वहिनी, तसं काही नाही, मी तर व्यवस्थित जेवलो. कमलेश त्यांचं ऐकायला थांबला नाही. आत गेला आणि कामाच्या माणसांसाठी लावलेला कुकर घेऊन आला. साधा भात, तुरीचं वरण, वाटीभर तिखट. टेबलावर स्टीलची ताटं मांडली आणि स्वतः वाढायला उभा राहिला. पहिला भात संपला तसं शकुनबाई नको म्हणाल्या. त्यानं वाढला. दुसऱ्यांदा नको म्हणाल्या. त्यानं वरण ओतलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून पळीभर वाढला. चौथ्यांदा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि तो थांबला. बरोबर तिथंच थांबला.

व्यवस्थित जेवलेल्या मारोतरावांनी त्यानंतर चार वेळा भात घेतला. चौथ्या वेळी नको म्हणायचं विसरून त्यांनी ताटच पुढं केलं. डिंपल खाली मान घालून जेवत होती आणि तिचे खांदे हलत होते. मग महाप्रसादाचा विषय मारोतरावांनी काढला नाही. आता काढायला तोंड मोकळं नव्हतं.

वरण शकुनबाईंनी नीट चाखलं होतं. कमलेशनं ते जवाहरनगरच्या बसमधून भांड्यांच्या कामाला येणाऱ्या चार बायांसाठी केलं होतं, आणि तरी हात आखडलेला नव्हता. हे त्यांनी मनात ठेवलं. तोंडानं म्हणाल्या की तूर जास्त शिजली.

हात धुऊन बाहेर आल्यावर गाडीचं दार उघडं धरून कमलेश उभा होता. शकुनबाई आत बसण्याआधी थांबल्या.

"भट्टी माझीच राहीन," त्या म्हणाल्या. मग दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "पन तू ये. भाताचा गंज आता माह्याच्यानं उतरत नाई."

हे वाक्य त्यांनी आधी कुणापुढंच म्हटलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या त्या दुपारनंतर देवापुढंसुद्धा नाही. मारोतराव काही तरी बोलायला वळले होते, ते पुढं पाहत गाडीत जाऊन बसले. कमलेश फक्त हो जी म्हणाला आणि किती वाजता येऊ ते विचारलं. आंघोळ करून सहाला, त्या म्हणाल्या, अन् तो काळा एप्रन घालून येऊ नको, लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसते.

हनुमान जयंतीला तो सहाला दहा मिनिटं असतानाच आला. धोतर त्याला नेसता येत नव्हतं, मामानं नेसवून दिलं होतं. त्यानं दिवसभर चार गंज उतरवले. एकही कलला नाही. येणारे-जाणारे विचारत होते की शकुनबाई, नवा आचारी आणला का. त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. "आचारी मी आहो. तो नुसता उचलते."

वरण उकळायला लागलं तेव्हा मात्र त्यांनी मिठाचं घमेलं त्याच्याकडं सरकवलं. त्यानं आपल्यालाच सांगताहेत का ते पाहायला मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. नैवेद्य व्हायचा होता, चाखता येणार नव्हतं. त्यानं गंजाकडं पाहिलं, मारुतीला हात जोडले, आणि मूठ भरली. एक, दोन, तीन करत सोडत गेला. शकुनबाईंनी एकदाही थांब म्हटलं नाही. त्या त्याच्या मुठीकडं पाहतही नव्हत्या, चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत होत्या.

पहिली पंगत बसली. वरणाच्या बादल्या फिरू लागल्या. शकुनबाई भट्टीपासून उठून खांबापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि लोकांची तोंडं पाहू लागल्या. वरण दुसऱ्यांदा फिरलं, तिसऱ्यांदा फिरलं. मीठ कुणी मागितलं नाही. कडेला बसलेले म्हातारे भोजराज महाराज नको-नको म्हणत चार पळ्या रिचवून बसले होते.

घाम पुसत कमलेश शेजारी येऊन उभा राहिला. विचारायची त्याची हिंमत होत नव्हती, हे त्याच्या उभं राहण्यातूनच कळत होतं. शेवटी एकदाचं विचारलंच. "मामी, मीठ बरोबर झालं का?"

शकुनबाईंचा सकाळपासून उपास होता. जिभेवर पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं.

"कमी आहे थोडं," त्या म्हणाल्या, आणि त्याला दुसरा गंज उतरवायला पाठवलं.